एकतीस एकांची संख्या

१. भाग जात नाही, हे कळले कसे?

७ ही संख्या मूळ आहे हे कोणालाही पटते. २, ३, ४, ५, ६ यांपैकी कशानेही तिला भाग जात नाही आणि ते तपासायला अर्धे मिनिटही लागत नाही. १०१ साठी थोडे अधिक भागाकार करावे लागतात. पण २,१४,७४,८३,६४७ ही संख्याही मूळ आहे असे सांगितले, तर ऐकणारा पहिला प्रश्न हाच विचारतो: दोन अब्ज चौदा कोटींहून मोठ्या या संख्येला मधल्या कशानेच भाग जात नाही, हे तपासले कोणी आणि किती वर्षे?

ते तपासले लेओनार्ड ऑयलरने. १७७२ मध्ये योहान बेर्नुली (तिसरा) याला लिहिलेल्या पत्रात त्याने ते कळवले. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. या कामाला त्याला वर्षे लागली नाहीत, कारण ही संख्या नुसती मोठी नाही. तिची घडण अगदी खास आहे. मोठ्या मूळ संख्यांबद्दल जे काही माहीत होते, ते बहुतेक अशा घडणीच्या आधारानेच.

आधी सरळ मार्ग पाहू. कोणत्याही संख्येचे अवयव जोडीने येतात: ३६ चा ४ हा अवयव असेल तर ९ हाही असतो. जोडीतला लहान अवयव संख्येच्या वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून वर्गमूळापर्यंत शोधले की पुरे. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे आहे, आणि तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. म्हणजे दोन अब्ज भागाकारांचे काम पाच हजारांच्या आत आले. तरीही दहा अंकी संख्येला हाताने ४,७९२ वेळा भाग देणे ही शिक्षाच म्हणायची.

२. संख्येची घडण

बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घराला दुप्पट. पहिल्या तीन घरांत मिळून ७ दाणे होतात. चौथ्या घरातल्या ८ दाण्यांपेक्षा एक कमी. पहिल्या पाच घरांत ३१ होतात, सहाव्यातल्या ३२ पेक्षा एक कमी. याच रीतीने पहिल्या ३१ घरांतले दाणे मोजले, तर ते बरोबर २,१४,७४,८३,६४७ भरतात.

गणिताच्या भाषेत ही संख्या २^३१ − १ अशी लिहितात. २^३१ म्हणजे ३१ वेळा २ लिहून त्यांचा केलेला गुणाकार. ३१ हा घातांक. संगणक वापरतो त्या द्विमान पद्धतीत दोनच अंक असतात, ० आणि १, आणि प्रत्येक स्थानाची किंमत आधीच्या स्थानाच्या दुप्पट असते. या पद्धतीत आपली संख्या लिहायची तर एकापुढे एक ३१ एक लिहायचे, बस. मध्ये एकही शून्य नाही.

३. घातांकही मूळच हवा

नुसत्या एकांनी बनलेल्या संख्येचे अवयव काही वेळा नुसते पाहूनच सापडतात. सहा एक घ्या: ११११११. त्यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, १११ आणि १११. म्हणून ही संख्या १११ गुणिले १००१ इतकी आहे; आपल्या नेहमीच्या लेखनात ६३ = ७ × ९. एकांची संख्या समान गटांत वाटता आली की अवयव सापडलाच. त्यामुळे २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळायची असेल, तर घातांक स्वतः मूळ असावा लागतो. ३१ एकांचे समान गट पडत नाहीत. पहिली अट पुरी झाली.

ही अट आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. घातांक ११ घेतला तर २^११ − १ = २०४७ येते, आणि २०४७ = २३ × ८९. या उदाहरणाची पुढे गरज पडणार आहे.

अशा संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. मारँ मेर्सेन हा पॅरिसमधला संन्यासी, युरोपभरच्या गणितज्ञांशी पत्रव्यवहार ठेवणारा. १६४४ मध्ये त्याने २५७ पर्यंतचे कोणते घातांक मूळ संख्या देतात त्याची यादी छापली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. त्या काळी एवढ्या मोठ्या संख्या पडताळणे कोणालाच शक्य नव्हते, तेव्हा यादीचा बराच भाग अंदाजाचाच असणार. त्याच्याही आधी इटलीतल्या पिएत्रो कातालदीने १५८८ मध्ये १७ आणि १९ हे घातांक खरोखर तपासले होते. पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ यांबद्दलही दावा केला. २३ आणि ३७ फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने खोडून काढले, २९ ऑयलरने. चारांपैकी टिकला तो एकटा ३१.

४. ऑयलरची चाळणी

४,७९२ भागाकार वाचवायचे तर आधी हे ठरवायला हवे, की आपल्या संख्येला भाग घालवणारी मूळ संख्या असलीच तर ती कशी दिसेल. लहान उदाहरणावरून सुरुवात करू. २ चे घात क्रमाने घेऊन प्रत्येकाला २३ ने भागले, तर बाक्या अशा येतात: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला. पुढे पुन्हा २, ४, ८ असेच चक्र चालू राहील. अकराव्या पायरीला बाकी १ येते, याचाच अर्थ २^११ − १ ला २३ ने भाग जातो.

आता फर्माचा एक प्रसिद्ध नियम. २ सोडून कोणतीही मूळ संख्या घेतली, तर तिच्यापेक्षा एकाने कमी इतक्या पायऱ्यांनंतर अशा चक्रात बाकी १ येतेच. २३ साठी ती २२ वी पायरी. चक्र ११ पायऱ्यांचे असल्याने २२ पायऱ्यांत त्याचे दोन पूर्ण फेरे होतात. चक्राची लांबी त्या 'एकाने कमी' संख्येला निःशेष भागणारीच असते, एरवी हिशेब जुळणार नाही.

हाच विचार २^३१ − १ ला लावू. समजा, एखाद्या मूळ संख्येने तिला भाग जातो. मग त्या संख्येच्या चक्रात ३१ व्या पायरीला १ येतो. म्हणजे चक्राची लांबी ३१ ला भागणारी, आणि ३१ मूळ असल्याने ती एकतर १ किंवा ३१. पहिल्याच पायरीला बाकी २ असते, म्हणून लांबी १ नाही. ती ३१ च. तेव्हा त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ३१ ने भाग जायला हवा. ती संख्या विषम असल्याने १ वजा केल्यावर २ नेही भाग जाणार. थोडक्यात, भाजकाला ६२ ने भागले तर बाकी १ उरली पाहिजे. २०४७ च्या अवयवांवर हा नियम पडताळता येतो: तिथे ६२ च्या जागी २२ येतात, आणि २३ = २२ + १, ८९ = ८८ + १.

दुसरी चाळणी याहून बारीक आहे. ६५,५३६ चा वर्ग म्हणजे २^३२. त्याला आपल्या संख्येने भागले की बाकी बरोबर २ उरते. मग आपल्या संख्येच्या कोणत्याही अवयवाने भागतानाही हा वर्ग '२ सारखाच' वागणार. एखाद्या वर्गाने २ ची जागा घ्यावी ही सोय सगळ्या मूळ संख्यांकडे नसते. विषम मूळ संख्यांपैकी ज्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात, त्यांच्याकडेच ती असते. (याची सिद्धता लांबलचक आहे, ती इथे सोडली आहे. २३ ला ८ ने भागून ७ उरतात आणि ८९ ला भागून १, एवढे पाहून ठेवावे.)

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की भाजकासाठी दोनच साचे उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणाऱ्या संख्या. सुरुवातीच्या पाहू. ६३ मूळ नाही. २४९ मूळ नाही, तिला ३ ने भाग जातो. ३११ मूळ आहे. पुढे ४९७ = ७ × ७१, ५५९ = १३ × ४३, मग ७४५, ८०७, ९९३, १०५५ आणि १२४१; यांतली एकही मूळ नाही. त्यानंतर थेट १३०३. म्हणजे १३०३ च्या आतल्या दोनशेहून अधिक मूळ संख्यांपैकी एकट्या ३११ ने भाग देऊन पाहावा लागतो! ३११ ने भागले तर बाकी ३५, १३०३ ने भागले तर २२६. असेच ४६,३४० पर्यंत जायचे.

वर्गमूळापर्यंत या साच्यांत बसणाऱ्या एकूण संख्या ३७३ आहेत आणि त्यांतल्या मूळ संख्या ऐंशीच्या घरात. पाच हजारांच्या जवळचे काम ऐंशीच्या आसपास आले. एकाही भागाकारात बाकी शून्य आली नाही आणि संख्या मूळ ठरली. आठ-दहा दशके ती ज्ञात मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी राहिली.

५. अवयव न शोधता निकाल

ऑयलरच्या पद्धतीलाही मर्यादा आहेच. घातांक १२७ घेतला तर संख्या ३९ अंकी होते आणि तिचे वर्गमूळ २० अंकी. कितीही चाळले तरी उरलेले भाजक माणसाच्या आवाक्यात येत नाहीत. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एद्वार ल्युकाने २^१२७ − १ मूळ असल्याचे दाखवले, ते संभाव्य भाजक एकेक तपासून नव्हे. त्याच्या पद्धतीला १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या डेरिक लेहमरने आजचे सुटसुटीत रूप दिले.

पद्धत नवल वाटावी इतकी सोपी आहे. ४ पासून सुरुवात करायची. दर पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि तपासायच्या मेर्सेन संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. हा नियम २ सोडून इतर मूळ घातांकांसाठी आहे.

घातांक ५, संख्या ३१, पायऱ्या तीन. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२. ३१ ने भागून बाकी ०. म्हणून ३१ मूळ. घातांक ११, संख्या २०४७, पायऱ्या नऊ: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. गंमत अशी, की या सगळ्या गणितात २३ आणि ८९ कुठेच आले नाहीत. संख्येला अवयव आहेत एवढे कळते. कोणते, ते कळत नाही.

२^३१ − १ साठी अशा २९ पायऱ्या पुरतात. शिवाय द्विमान पद्धतीत या संख्येने भागायचीही गरज नसते. ९ ने भागल्यावरची बाकी काढायला जशी अंकांची बेरीज चालते, तसे इथे मोठ्या संख्येचे ३१-३१ अंकांचे तुकडे पाडून त्यांची बेरीज करायची. संगणकाला हे फार मानवते. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर मेर्सेन मूळ संख्या शोधण्याच्या एका सामूहिक प्रकल्पात भाग घेत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यातून २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या सापडली.

६. परिपूर्ण संख्येची किल्ली

६ चे स्वतःखेरीज भाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात. मेर्सेन संख्या मूळ असेल, तर तिला एकाने कमी घातांकाच्या २ च्या घाताने गुणले की परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने सिद्ध केले होते. ३ ला २ ने गुणून ६, ७ ला ४ ने गुणून २८. सम परिपूर्ण संख्या मिळण्याची दुसरी वाटच नाही, हे पुढे ऑयलरने दाखवले.

आपल्या संख्येला २^३० ने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही १९ अंकी परिपूर्ण संख्या येते, क्रमाने आठवी. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी कधी शोधणार नाही. त्याचे कारणही त्याने दिले: या संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोग काहीच नाही, तेव्हा कोण एवढे कष्ट घेणार? माणसाच्या निरुपयोगी कुतूहलाची ताकद त्याने फारच कमी धरली.

७. शेजारीपाजारी

मूळ संख्यांच्या रांगेत २,१४,७४,८३,६४७ चा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा आहे. तिच्या मागची मूळ संख्या १८ ने लहान, पुढची १२ ने मोठी. या पट्ट्यात सरासरी एकवीस-बावीस संख्यांमागे एक मूळ असते, त्यामुळे या अंतरांत विशेष काही नाही. दोनच्या अंतरावरचा जुळा मात्र तिला असू शकत नाही: २ वजा केले की शेवटचा अंक ५ येतो आणि २ मिळवले की ३ ने भाग जातो.

तिच्या लगतची लहान संख्या अधिक रंजक आहे. १ वजा केला की २ × ३२,७६७ × ३२,७६९ असा गुणाकार मिळतो, आणि त्याचे पुढे तुकडे पडतात: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. स्वतः अभेद्य असलेल्या संख्येची शेजारीण अशी भुसभुशीत.

या तुकड्यांचा उपयोग आहे. मागे २ च्या घातांच्या बाक्यांचे चक्र पाहिले. आपल्या संख्येने भागताना ते फक्त ३१ पायऱ्यांचे असते. ७ चे घात घेतले तर मात्र चक्र जास्तीत जास्त शक्य तेवढ्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४६ पायऱ्यांचे निघते. ते खरोखर इतके लांब आहे हे पाहायला सगळे चक्र फिरावे लागत नाही. वरच्या सात वेगवेगळ्या मूळ अवयवांसाठी एकेक, अशा सात तपासण्या पुरतात. एवढे लांब चक्र भाजक मूळ असतानाच मिळू शकते. म्हणजे मूळपणाची ही आणखी एक स्वतंत्र सिद्धता झाली.

लांब चक्रातून यादृच्छिक भासणाऱ्या संख्या काढता येतील, हेही त्याच लेहमरला सुचले. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये त्यासाठी एक किमान दर्जाची कृती सुचवली: हातातल्या संख्येला १६,८०७ ने गुणा आणि २^३१ − १ ने भागून बाकी घ्या. १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. १ पासून सुरुवात केली तर पुढे १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ अशा संख्या येतात. त्यांत क्रम दिसत नाही, पण शून्य वगळून भाजकापेक्षा लहान प्रत्येक संख्या एकदाच येते आणि मगच चक्र पुन्हा सुरू होते. सी++ या संगणकीय भाषेत ही कृती आजही तयार मिळते. खेळांसाठी ती ठीक. गुप्त संकेतांसाठी अजिबात नाही, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

८. यंत्रातली शेवटची पायरी

अनेक संगणकी कार्यक्रमांत पूर्णांकासाठी ३२ जागा राखलेल्या असतात. एक जागा धन-ऋण चिन्हाकडे जाते, उरतात ३१. त्या सगळ्यांत १ भरला की मावणारी सर्वांत मोठी संख्या होते, आणि ती म्हणजे आपलीच. २०१४ च्या डिसेंबरात 'गंगनम स्टाइल' या गाण्याच्या प्रेक्षकांची संख्या तिच्यापुढे गेली, तेव्हा यूट्यूबला मोजणीसाठी ६४ जागा कराव्या लागल्या. अनेक जुन्या यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी हा आकडा २,१४,७४,८३,६४७ होईल. त्यापुढच्या सेकंदाला, दुरुस्ती न झालेली यंत्रणा चिन्ह उलटवून डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पोचेल.

यात मूळपणाचा हात मात्र नाही. ३२ मधून १ वजा करून आलेला ३१ मूळ निघाला आणि मेर्सेनच्या यादीतही बसला, हा योगायोग. १६ जागांच्या पूर्णांकाची कमाल ३२,७६७ आहे आणि ती ७ × ३१ × १५१ अशी फुटते. ६४ जागांची कमाल २^६३ − १. तिलाही ७ ने भाग जातो.

९. घातांकाच्या जागी बसवली तर

३१ स्वतः मेर्सेन मूळ संख्या आहे, २^५ − १. म्हणून २^३१ − १ ला दुहेरी मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. अशा संख्या आजवर चारच सापडल्या आहेत: ७, १२७, २^३१ − १ आणि ल्युकाची २^१२७ − १.

मग हीच शिडी एक पायरी वर चढवून, २,१४,७४,८३,६४७ लाच घातांक केले तर? ती संख्या लिहायला ६४ कोटींहून अधिक अंक लागतील, आजच्या विक्रमी मूळ संख्येच्या पंधरा पटींहून जास्त. एवढ्या संख्येवर ल्युकाची पद्धत चालवणे फार जड. पण ऑयलरची चाळणी इथे पुन्हा कामी येते. तिचा कोणताही मूळ भाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून मिळायला हवा. त्या दुपटीची ६८,७४५ वी पट घेऊन १ मिळवला की २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ही संख्या येते, आणि तिने भाग जातो. शिडी तिथे तुटली. १३, १७ आणि १९ या घातांकांवरून चढणाऱ्या शिड्याही अशाच तुटल्या आहेत. ६१ वरून चढणारी तुटते की टिकते, याचा निकाल अजून लागलेला नाही.